वहीतील चुका आणि त्यांचा अर्थ : मराठी शाळेतील वाचनाच्या अडचणी व त्यांवरील साह्य

१. प्रश्नाचे स्वरूप

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न हा सामान्यतः शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि वैद्यक यांच्या कक्षेतील मानला जातो. या विचारविनिमयात भाषाशास्त्राला क्वचितच बोलावले जाते. वस्तुतः प्राथमिक शाळेत जे मूल 'कच्चे' ठरते, ते बहुधा प्रथम वाचन-लेखनातच कच्चे ठरते. आणि त्याच्या कच्चेपणाचा जो लेखी पुरावा शिक्षकांच्या हाती असतो, तो म्हणजे त्याची वही होय. हा पुरावा संपूर्णपणे भाषिक स्वरूपाचा आहे. त्याचे वाचन करण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकांनी टाळणे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखात एकच मुद्दा मांडावयाचा आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत वहीतील चुका मोजून अडचणीतील मूल ओळखण्याची जी पद्धत रूढ आहे, ती दोन्ही बाजूंनी फसवी आहे. ज्या मुलात कोणतीही अक्षमता नाही, त्याला ती संशयित ठरविते. आणि जे मूल खरोखर अडलेले आहे, त्याला पुष्कळदा ती मोकळे सोडून देते. चुकांच्या संख्येपेक्षा त्यांचा प्रकार आणि वाचनाचा वेग या दोन गोष्टी अधिक बोलक्या आहेत. त्यांचे वर्गीकरण झाल्यावाचून शाळेने देऊ केलेले साह्य योग्य मुलापर्यंत पोहोचत नाही.

२. संज्ञा आणि कायदा

'डिस्लेक्सिया' ही संज्ञा १८८७ मध्ये जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी योजिली. त्यांच्यापुढे होते ते मेंदूला इजा होऊन वाचनशक्ती गमावलेले प्रौढ रुग्ण. पुढे १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो मुलगा बुद्धीने तल्लख होता, त्याच्या दृष्टीत दोष नव्हता, आणि तरीही त्याला वाचता येत नव्हते. जन्मजात वाचन-अक्षमतेच्या अभ्यासाचा प्रारंभ या हकीकतीपासून मानतात. या दोघांनीही वाचन ही प्रामुख्याने डोळ्यांची क्रिया मानली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत मागे पडली. अडचणीचे मूळ पुष्कळ अंशी भाषेतील ध्वनी वेगळे करणे, स्मरणात धरणे आणि चिन्हांशी जोडणे या व्यापारांत आहे, हे मत सर्वत्र मान्य होत गेले.

आपल्याकडील कायद्यातही याचे प्रतिबिंब पडले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात 'विशिष्ट अध्ययन-अक्षमता' या प्रकाराचा प्रथमच स्वतंत्रपणे समावेश झाला. तेथे तिची व्याख्या करताना बोललेली अथवा लिहिलेली भाषा हाताळण्यातील उणीव हेच तिचे मुख्य लक्षण सांगितले आहे. याच कायद्याच्या १६ व्या कलमात, अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य अध्यापनोपाय योजावेत, अशी शिक्षणसंस्थांकडून अपेक्षा केली आहे. 'लवकर ओळखावी' हे शब्द लिहिणे सोपे आहे. मराठी वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती कशावरून ओळखावयाची, हा खरा प्रश्न होय.

३. लिपीचा भार

पहिल्या प्रकारच्या चुका लिपीच्या रचनेतून उद्भवतात. इंग्रजी शिकणाऱ्या मुलापुढे सव्वीस वर्ण असतात. देवनागरीत 'क' पासून 'ळ' पर्यंतची चौतीस व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर जोडाक्षरांना हात लावण्यापूर्वीच अक्षररूपांची संख्या चारशे आठ होते. ही सर्व रूपे सुटी सुटी पाठ करावी लागत नाहीत हे खरे; परंतु त्यांमागील नियम हाती येण्यास काळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरज्ञानाची ही वाटचाल प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते, आणि सुट्या ध्वनीचे भान मुलांना सावकाश येते, असे दाखविले आहे. कन्नड व देवनागरी या दोन्ही लिपी अक्षरप्रधान असल्यामुळे हा निष्कर्ष आपणांस दुर्लक्षिता येणार नाही.

शिवाय मराठी लेखन उच्चारानुसारी आहे असे आपण म्हणतो, ते पूर्णांशाने खरे नाही. 'बसला' असे आपण लिहितो, पण बोलतो 'बस्ला'. जे मूल कानाने ऐकलेले इमानाने कागदावर उतरविते, ते 'बस्ला' असेच लिहील. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च'चे उच्चार भिन्न आहेत, चिन्ह मात्र एकच आहे. उलट 'र' या एकाच व्यंजनाला 'कर्म', 'क्रम', 'राष्ट्र' आणि 'दऱ्या' या चार शब्दांत चार निरनिराळी रूपे घ्यावी लागतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेद चिन्हाच्या एका बारीक वळणावर उभा आहे. 'स्थिती' या शब्दातील पहिली वेलांटी उच्चारात जोडाक्षरानंतर येते, पण लेखनात त्याच्या आधी काढावी लागते.

ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट तर निराळीच. मराठी बोलण्यात इकार-उकाराच्या लांबीने सहसा अर्थ बदलत नाही. ती लांबी बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते. 'फूल' पण 'फुले', 'वीट' पण 'विटा' असे लिहावे, हा लेखननियम आहे. आणि त्या नियमालाही 'गुण', 'विष' यांसारख्या तत्सम शब्दांचा अपवाद आहे. म्हणून 'फुल' व 'विट' अशा चुका नियम अद्याप शिकला गेलेला नाही एवढेच सांगतात, त्यापलीकडे काही सांगत नाहीत. सुशिक्षित प्रौढांच्या पत्रांतही त्या आढळतात, आणि त्यांवरून आपण कोणाला अक्षम मानीत नाही.

४. घरच्या बोलीची खूण

दुसऱ्या प्रकारच्या चुका वस्तुतः चुका नव्हेतच. वऱ्हाडातील मूल 'डोळा' या शब्दाऐवजी 'डोया' लिहिते, 'काळा'ऐवजी 'काया' लिहिते. कारण त्याच्या घरी 'ळ'च्या जागी 'य' हाच ध्वनी आहे. महाराष्ट्रातील अनेक बोलींत 'ण' व 'न' असा भेद नाही. त्या बोलणाऱ्या मुलाला 'पाणी' आणि 'पानी' यांतला फरक प्रथम ऐकावयास शिकावे लागते, लिहावयाचे त्यानंतर. कित्येक ठिकाणी 'विहीर' ही 'इहीर' असते. या सर्व रूपांना नियम आहे. एकच ध्वनी एकाच परिस्थितीत सातत्याने बदलतो. आणि सातत्य हेच या प्रकाराचे ओळखचिन्ह आहे. जे मूल 'डोया', 'काया' असे प्रत्येक वेळी लिहिते, त्याचा कान उत्तम चालतो; किंबहुना तो चालतो म्हणूनच ते तसे लिहिते.

ज्यांची घरची भाषाच मराठी नाही, त्यांचा प्रश्न याहून गहन आहे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. गडचिरोली व चंद्रपूर भागातील गोंडी व माडिया या द्राविड कुळातील आहेत. असे मूल पहिलीत येते तेव्हा त्याला लिपी आणि भाषा या दोन्ही एकाच वेळी शिकावयाच्या असतात. ज्या शब्दाचा अर्थच ठाऊक नाही तो शब्द अक्षरे जुळवून वाचला, तरी बरोबर वाचला की चुकला हे त्याला कळण्यास मार्ग नसतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. हे ज्या शाळेत घडत नाही, तेथे वाचनातील मंदपणाला अक्षमता म्हणण्याचा अधिकार शाळेस पोहोचतो काय, याचा विचार व्हावयास हवा.

५. खरी वाचन-अक्षमता आणि एक कबुली

तिसरा प्रकार खऱ्या वाचन-अक्षमतेचा. येथे चुकांना नियम सापडत नाही. एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. मात्रा गळतात, अक्षरांची अदलाबदल होते, आणि ओळखीच्या शब्दाच्या आधारावाचून वाचावयाची वेळ आली की वाचन कोसळते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुष्कळ मुलांत चुका फारशा दिसतच नाहीत. हाइन्झ विमर यांनी १९९३ मध्ये जर्मन भाषक मुलांच्या अभ्यासातून दाखविले की, ज्या भाषेत चिन्ह आणि ध्वनी यांचा संबंध बराचसा नियमित असतो, तेथे वाचन-अक्षमता चुकांपेक्षा संथपणातून प्रकट होते. मूल बरोबर वाचते, परंतु अत्यंत सावकाश आणि कष्टाने वाचते. मराठीचे लेखन जर्मनहून कमी नियमित नाही. तेव्हा आपल्या शाळांतही अशी मुले असणारच. आणि लाल शाईच्या खुणा मोजणाऱ्या दृष्टीला ती दिसणार नाहीत, हेही उघड आहे.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक चूक नोंदविणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी एका प्राथमिक शाळेतील शिक्षिकाबाईंनी चौथीतील दोन मुलांच्या वह्या अभिप्रायार्थ पाठविल्या. पहिली वही लाल खुणांनी भरलेली होती. तीत 'पानी' होते, 'डोया' होते, 'इहीर' होती. त्या मुलाचे कुटुंब वऱ्हाडातून शहरात कामासाठी आले होते. त्या चुका बोलीच्या आहेत, मुलाला काही झालेले नाही, असा अभिप्राय दिला. आणि तो बरोबरच होता. दुसरी वही स्वच्छ होती. अक्षर नेटके, चुका अगदी मोजक्या, उत्तरे मात्र दोन-तीन शब्दांची. हा मुलगा वर्गात खोड्या काढतो आणि वाचनाच्या तासाला पोट दुखते म्हणून घरी जातो, असे बाईंनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते. त्या चिठ्ठीकडे लक्ष न देता, येथे भाषिक अडचण दिसत नाही, असे कळविण्यात आले.

पुढे तो मुलगा सहावीत असताना त्याला वाचताना ऐकण्याचा योग आला. एक ओळ वाचावयास त्याला जवळजवळ एक मिनिट लागले. प्रत्येक अक्षर बरोबर होते. ओळ संपली तेव्हा तिचा आरंभ त्याच्या ध्यानात राहिला नव्हता. तोच मजकूर वाचून दाखविताच त्याने त्यावर असे प्रश्न विचारले, की ऐकणाऱ्यास संकोच वाटावा. फळ्यावरील मजकूर चित्रासारखा उतरवून घेण्याची कला त्याने कमावली होती. वहीची स्वच्छता हे त्या कलेचे फळ होते. त्याच्या खोड्या आणि पोटदुखी या दोन गोष्टींनीच खरी बातमी दिली होती. वही वाचली गेली, मूल वाचताना ऐकले गेले नाही, आणि त्यात त्याची दोन वर्षे गेली.

६. शाळेने करावयाचे साह्य

या विवेचनावरून शाळेतील साह्याचा काही क्रम सुचतो.

प्रथम कान व डोळे तपासावेत. 'ट' आणि 'ठ' यांत गोंधळणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच कमी येत असेल; कान वाहणे हे आपल्याकडे बालवयात काही दुर्मीळ नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची योजना आहे, आणि तीत दृष्टी व श्रवण यांच्या दोषांबरोबर अध्ययनातील अडचणींचाही अंतर्भाव केलेला आहे. या तपासणीची नोंद वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचली पाहिजे.

दुसरी पायरी म्हणजे मुलाला एकटे घेऊन, वर्गासमोर उभे न करता, मोठ्याने वाचावयास लावणे. अर्धे पान पुरते. किती चुकले याबरोबर किती वेळ लागला हेही टिपावे. त्यानंतर निरर्थक शब्द वाचावयास द्यावेत. 'गिदोळ', 'मपेटा' यांसारखे शब्द कोणत्याही बोलीत नसल्यामुळे पाठांतराची व अंदाजाची मदत तेथे मिळत नाही. पुढे तोंडी खेळ घ्यावा : 'कमळ' या शब्दातून 'म' काढला तर काय उरते? 'कळ' असे उत्तर यावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंग्रजीतील चाचण्या सुट्या व्यंजनाच्या पातळीवर रचलेल्या असतात. 'कान' मधील नुसता 'क्' काढ, असे मराठी मुलास सांगितले तर सर्वसाधारण मूलही अडखळते. कारण त्याच्या लिपीने त्याला अक्षर हा घटक शिकविला आहे, सुटा ध्वनी नव्हे. परभाषेतील चाचणीचे भाषांतर करून मुलाला नापास करणे, हा अन्याय शास्त्राच्या नावावर घडू नये. अखेरीस एक उतारा वाचून दाखवावा व प्रश्न विचारावेत. ऐकून उत्तम समजते, पण वाचून समजत नाही, ही तफावत लक्षणीय होय.

तिसरी पायरी अध्यापनाची. बोलीच्या मुलाला त्याची बोली अशुद्ध आहे असे सांगू नये. 'तुझ्या घरी डोया, पुस्तकात डोळा' अशी जोडी त्याच्यापुढे ठेवावी. त्याला दोन रूपे येतात, हे त्याचे भांडवल आहे. लिपीच्या ओझ्याखालील मुलाला अक्षरांचे लहान गट करून द्यावेत. या संदर्भात फलटणच्या कामाचा उल्लेख केला पाहिजे. मॅक्सीन बर्नसन या मुळात भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणच्या मराठी बोलीतील सामाजिक भेद हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. पुढे तेथेच त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. सारी मुळाक्षरे व मग सारी बाराखडी असा क्रम न धरता, थोडी अक्षरे व एखाददुसरी मात्रा घेऊन मुलाने लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावेत, ही दिशा तेथे वाचन शिकविताना धरली गेली. बोलीचा अभ्यास वर्गात कसा उतरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

खऱ्या अक्षमतेच्या मुलालाही हीच वाट चालावी लागते. मात्र त्याच्यासाठी ती अधिक लहान पावलांची, अधिक पुनरावृत्तीची आणि पुष्कळ अधिक काळाची असते. त्याला रोज थोडा वेळ स्वतंत्रपणे द्यावा लागतो. एरवीच्या तासांत ज्ञानाचे दार वाचनावाचूनही उघडे ठेवावे लागते : मजकूर वाचून दाखवावा, तोंडी उत्तर स्वीकारावे, फळ्यावरून उतरवून घेण्याची सक्ती करू नये. वर्तनाचा प्रश्नही येथेच सुटू लागतो. चारचौघांत वाचता न येण्यापेक्षा खोडकर ठरणे मुलाला कमी लाजिरवाणे वाटते. त्या लाजेचे कारण दूर केल्यावाचून शिक्षेचा उपयोग होत नाही.

७. दाखला आणि सवलत

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून विशिष्ट अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. जादा वेळ, लेखनातील चुकांकडे काणाडोळा, काही विषयांऐवजी पर्यायी विषय, अशा स्वरूपाच्या त्या होत्या. त्यांनी अनेकांचे शिक्षण वाचले, हे निर्विवाद आहे. तथापि त्या मिळविण्यासाठी दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी चाचणी लागते. प्रमाणित चाचण्या दीर्घकाळ मुख्यतः इंग्रजीत उपलब्ध होत्या. परिणामी मोठ्या शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलाची अक्षमता 'अक्षमता' ठरे, आणि तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाच्या मुलाची तीच अडचण 'मठ्ठपणा' ठरे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'डाली' या चाचणीसंचात हिंदी, कन्नड व इंग्रजी यांच्याबरोबर मराठीचाही समावेश झाला, ही म्हणून महत्त्वाची घटना होय. मुलाला ज्या भाषेतून शिकविले जाते त्याच भाषेत त्याची परीक्षा व्हावी, हे साधे तत्त्व तिच्यामुळे मराठीपुरते प्रत्यक्षात आणणे शक्य झाले.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत असा दाखला आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलासच द्यावा, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी व्हावी, असे म्हटले होते. लिपीचा भार किती काळ वाहावा लागतो हे पाहता, दाखल्यापुरती ही सबुरी भाषाशास्त्राच्या दृष्टीने सयुक्तिक आहे. परंतु दाखल्याची वाट पाहणे आणि साह्याची वाट पाहणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीतील अडलेल्या मुलाला वाचन शिकविण्यासाठी कोणत्याही दाखल्याची गरज नाही. तसेच सवलत ही शिकवणीची जागा घेऊ शकत नाही. जादा वेळ परीक्षा सुसह्य करतो. वाचन मात्र शिकवूनच येते.

८. समारोप

आपल्या विद्यापीठांत बोलींची सर्वेक्षणे झाली आहेत, ध्वनिव्यवस्थेची वर्णने झाली आहेत, लेखनविषयक नियमांची चर्चा तर पिढ्यान् पिढ्या चालू आहे. हे सारे ज्ञान प्राथमिक शिक्षकांच्या टेबलावर पोहोचलेले नाही. निरनिराळ्या भागांतील मुलांच्या वह्यांतून कोणत्या चुका बोलीच्या, कोणत्या लिपीच्या आणि कोणत्या यांपैकी कशातच न बसणाऱ्या, याच्या जिल्हावार सूची पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी सहज करता येतील. त्यांच्या जोडीला प्रत्येक इयत्तेतील सर्वसाधारण वाचनवेगाच्या नोंदी हव्यात. हे काम फार मोठ्या साधनांचे नाही. त्यासाठी एक घड्याळ, एक वही आणि मुलाशेजारी बसून ऐकण्याची तयारी एवढेच लागते. यांपैकी शेवटच्या गोष्टीवाचून काय होते, ते वर नमूद केलेच आहे.